सर्व्हर कधी बूट होतो, कधी होत नाही: दोष डिस्क कंट्रोलरचाच आहे हे पक्कं कसं करायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. ऑफिसातला टॉवर सर्व्हर, त्यात आयबीएमचं एम१०१५ हे डिस्क कंट्रोलर कार्ड आयटी फर्मवेअर (स्वतः रेड न करता डिस्क जशाच्या तशा पुढे देणारं) टाकून वापरात, त्याला ३.५ इंची आठ साटा डिस्क. लिनक्स त्यातल्या दोन डिस्कच्या मिररवर (दोन्हींवर तीच प्रत), उरलेल्या सहांवर लिनक्सच्या एमडीएडीएम या प्रोग्रामचं रेड ६ (दोन डिस्क गेल्या तरी डेटा टिकवणारी रचना). शनिवारी संध्याकाळी सर्व्हर बंद करून मेन स्विचही काढतात. सोमवारी सकाळी कधी ‘नो बूट डिव्हाइस’ येतं, कधी इनिटरामएफएसच्या (लिनक्सच्या सुरुवातीच्या तात्पुरत्या सिस्टीमच्या) प्रॉम्प्टवर अडकतं, कधी मुकाट्याने सुरू होतं. दोन-तीनदा रीसेट मारला की चालतो आणि मग शनिवारपर्यंत तक्रार नाही. डिस्कचे स्मार्ट अहवाल (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) स्वच्छ आहेत, ओएस पुन्हा टाकून झाली. आता आठही डिस्क बदलाव्यात का?

डिस्क बदलू नका. खराब डिस्क एकेकटी खराब होते आणि स्मार्टमध्ये किंवा कर्नलच्या लॉगमध्ये काहीतरी खूण ठेवते. आठच्या आठ डिस्क एकाच सकाळी गायब होऊन रीसेटनंतर एकदम हजर होत असतील, तर त्यांच्यात सामाईक काय आहे ते बघायचं: कार्ड, कार्डाचा स्लॉट, केबल आणि वीज. ओएस पुन्हा टाकण्याचाही उपयोग नव्हता, कारण ‘नो बूट डिव्हाइस’ हा निरोप ओएसचा पहिला बाइट वाचायच्या आधीचा असतो. कंट्रोलरवर संशय घेणं योग्य आहे, पण कार्ड मागवून बसवणं ही शेवटची पायरी. यातल्या पुष्कळ तक्रारी कार्ड बदलूनही तशाच राहतात, कारण दोष विजेत असतो.

सगळ्यात आधी बूट नेमकं कुठल्या टप्प्यावर अडतं ते पकडा. पोस्टचे, म्हणजे मशीन चालू होताच होणाऱ्या हार्डवेअर-तपासणीचे, निरोप दोन-तीन सेकंदांत निघून जातात आणि ‘काहीतरी सॅस असं आलं होतं’ एवढंच लक्षात राहतं. म्हणून पॉवर बटण दाबायच्या आधी मोबाईल स्क्रीनसमोर उभा करून व्हिडिओ सुरू करा आणि लॉगिन येईपर्यंत चालू ठेवा. सर्व्हरला आयपीएमआय (दुरून सर्व्हर सांभाळायची सोय) असेल तर सिरियल कन्सोल नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनवर नोंदवून ठेवता येतो, तो आणखी चांगला. नीट सुरू झालेल्या बूटचाही एक व्हिडिओ हवा, तुलनेसाठी.

या कार्डाचा स्वतःचा बूट रॉम असतो. पोस्टमध्ये ‘एलएसआय कॉर्पोरेशन एमपीटी सॅस२ बायोस’ असा मथळा येतो, ‘इनिशियलायझिंग’ म्हणत काही टिंबं पुढे सरकतात आणि मग सापडलेल्या डिस्कची यादी. फसलेल्या बूटमध्ये यातलं काय दिसलं, यावर पुढची दिशा ठरते.

मथळाच आला नाही, तर बायोसला कार्ड दिसलंच नाही. मग डिस्क आणि डेटा केबलचा विचार सोडा. दोष स्लॉट, कार्ड किंवा कार्डाला मिळणाऱ्या विजेत आहे. मथळा आला पण इनिशियलायझिंगवर मिनिटभर टिंबंच टिंबं चालली, किंवा ‘एमपीटी बायोस फॉल्ट’ असा निरोप आला, तर कार्डाचं फर्मवेअर उठलं नाही किंवा एखादी डिस्क अथवा केबल त्याला गुंतवून ठेवते आहे. यादी आली पण आठाऐवजी पाच-सहाच डिस्क दिसल्या, तर केबल, बॅकप्लेन (डिस्क खोचायचा बोर्ड), वीज किंवा स्पिन-अपला (डिस्कची मोटर वेगात यायला) लागणारा वेळ. आणि आठही डिस्क यादीत असूनही ‘नो बूट डिव्हाइस’ आलं, तर कार्ड जवळजवळ सुटलं. बूट ऑर्डर आणि ग्रब (लिनक्स सुरू करून देणारा प्रोग्राम) बघा.

या शेवटच्या प्रकारातली दोन कारणं इतकी स्वस्त आहेत की ती आधीच निकालात काढावीत. पहिलं म्हणजे मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल. तुम्ही मेन स्विच काढता, म्हणजे शनिवार-रविवार स्टँडबाय वीजही नसते आणि सेटिंग्ज फक्त त्या सेलवर टिकतात. सेल उतरला की बूट ऑर्डर मूळपदावर जाते आणि कार्डाचं नाव यादीत खाली सरकतं. फसलेल्या बूटच्या वेळी बायोसमध्ये जाऊन घड्याळ बघा. तारीख मागे गेली असेल तर उत्तर मिळालं. नवा सेल ३ व्होल्टच्या जरा वर असतो, मल्टिमीटरवर २.८ च्या खाली दिसला तर बदलून टाका.

दुसरं, ग्रब मिररच्या एकाच डिस्कवर असणं. इन्स्टॉलर पुष्कळदा पहिल्याच डिस्कवर ग्रब टाकतो. ती डिस्क दोन सेकंद उशिरा तयार झाली की कार्ड दुसरीला पुढे करतं, तिच्यावर ग्रब नसतो, आणि बूट तिथंच संपतं. दोन्ही डिस्कवर ‘ग्रब-इन्स्टॉल’ चालवा. मग पोस्टच्या वेळी कंट्रोल-सी दाबून कार्डाच्या युटिलिटीत जा आणि टोपॉलॉजीच्या पडद्यावर एका डिस्कवर ऑल्ट-बी आणि दुसरीवर ऑल्ट-ए करून ठेवा: पहिली बूटसाठी, दुसरी पर्यायी. ज्यांची मशीनं यूईएफआयवर (बायोसच्या नव्या पिढीवर) आहेत त्यांच्याकडे याच दुखण्याचं वेगळं रूप दिसतं. एखाद्या बूटला डिस्क सापडली नाही की काही फर्मवेअर तिची बूट नोंदच पुसून टाकतात आणि पुढच्या वेळी डिस्क हजर असूनही सर्व्हर उठत नाही. तिथं दोन्ही डिस्कवर ईएफआय पार्टिशन ठेवून त्यात ‘ईएफआय, बूट’ या फोल्डरखाली ‘बूटएक्स६४’ नावाची ठरलेली फाइल असू द्यावी. नोंद गेली तरी फर्मवेअर ती शोधतं.

इनिटरामएफएसच्या प्रॉम्प्टवर अडकल्यावर लगेच रीसेट मारू नका. ती जागा पुराव्याची आहे. वीस-तीस सेकंद थांबा आणि ‘कॅट’ करून प्रॉकमधली पार्टिशन्स फाइल वाचा. आठही डिस्क तिथं आल्या असतील तर हार्डवेअर उठलेलं आहे, फक्त उशिरा. ‘एमडीएडीएम’ला असेंबल-स्कॅन सांगा, ‘एक्झिट’ टाइप करा, बूट पुढे जाईल. अशा वेळी कर्नलच्या ओळीत ‘रूटडिले=६०’ टाकला की तक्रार दबते, पण डिस्क उशिरा का येतात हा प्रश्न उरतोच. तीस सेकंदांनंतरही डिस्क नसतील तर ‘डीमेसेज’मध्ये (कर्नलच्या लॉगमध्ये) ‘एमपीटी३सॅस’ हा कार्डाचा ड्रायव्हर काय म्हणतो ते बघा. ‘फॉल्ट स्टेट’ आणि त्यामागून ‘डायग रीसेट’ अशा ओळी असतील तर कार्डाचं फर्मवेअर कोसळून ड्रायव्हर त्याला पुन्हा उठवतो आहे. ड्रायव्हरची एकही ओळ नसेल तर कर्नललाही कार्ड दिसलेलं नाही.

आता मुख्य प्रयोग. तुमची लक्षणं, म्हणजे थंड असताना पहिल्यांदा फसणं आणि लगेचच्या रीसेटला चालणं, दोन अगदी वेगळ्या कारणांनी येतात. एक, आठ मोटरी एकदम फिरायला लागल्यावर १२ व्होल्टची लाइन बसते. रीसेटच्या वेळी डिस्क आधीच फिरत असतात, त्यामुळे दुसऱ्यांदा तो भार येत नाही. दोन, कार्ड थंड असताना त्याच्यातला एखादा सोल्डर जोड किंवा स्लॉटमधला संपर्क सुटतो आणि ऊब आल्यावर जुळतो. दोन्हींचं बाहेरचं रूप हुबेहूब सारखं असल्यामुळे नुसतं बघून निवाडा होत नाही. वेगळं करायचा मार्ग मात्र सोपा आहे.

शनिवारी सर्व्हर बंद केल्यावर आठही डिस्कच्या पॉवर केबल काढून ठेवा. सगळ्या काढा किंवा सगळ्या लावलेल्या असू द्या. दोन-तीनच लावून मशीन कधीही सुरू करू नका, नाहीतर एमडी (लिनक्सचं रेड) अपुरे अ‍ॅरे जुळवेल आणि नंतर तासन्‌तास रिसिंक (डिस्कमधला डेटा पुन्हा जुळवणं) करत बसावं लागेल. सोमवारी लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह लावून थंड मशीन चालू करा. मथळा येतो का ते बघा आणि लाइव्ह सिस्टीममध्ये ‘एलएसपीसीआय’ (स्लॉटमधली कार्डं दाखवणारी आज्ञा) चालवा. डिस्क नसताना कार्ड प्रत्येक थंड सुरुवातीला दिसत असेल आणि डिस्क लावल्यावर पुन्हा गायब होऊ लागलं, तर कार्डाला हात लावू नका, विजेकडे जा. डिस्क नसतानाही कार्ड अधूनमधून गायब असेल तर संशय कार्ड आणि स्लॉटवर पक्का झाला.

विजेचा हिशोब करून बघा. ३.५ इंची डिस्क फिरायला लागताना १२ व्होल्टवर साधारण २ अँपिअर ओढते. आठ डिस्कचे १६ अँपिअर, म्हणजे १९२ वॅट, तेही पहिल्या काही सेकंदांत, प्रोसेसर आणि पंखे वेगळे. जुन्या एसएमपीएसच्या (पॉवर सप्लायच्या) स्टिकरवर १२ व्ही१ आणि १२ व्ही२ अशा दोन लाइन वेगळ्या लिहिलेल्या असतात आणि सगळ्या डिस्क एकाच लाइनवर आलेल्या असतात. एकूण ५०० वॅटचा आकडा तिथं दिलासा देत नाही. मल्टिमीटरचे टोक त्याच वायरवरच्या शेवटच्या मोकळ्या मोलेक्समध्ये (चार पिनांच्या पॉवर कनेक्टरमध्ये) घाला, पिवळी आणि काळी यांच्यात, मीटर ‘मिन’ होल्डवर ठेवा आणि थंड सुरुवात करा. एटीएक्स या पॉवर सप्लायच्या मानकाप्रमाणे ११.४ ते १२.६ व्होल्ट चालतात. ११.४ च्या खाली गेलं तर कारण सापडलं. खाली गेलं नाही तर वीज निर्दोष ठरली असं मात्र नाही, कारण मिलिसेकंदांची बुडी साध्या मीटरला दिसत नाही. त्याला ऑसिलोस्कोप लागतो. तो नसेल तर दुसऱ्या मशीनचा चांगला एसएमपीएस उसना लावून बघणं हाच व्यवहार्य मार्ग.

पाच-सहा वर्षं चाललेल्या एसएमपीएसमध्ये आणखी एक खोड असते. आतले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकत जातात आणि थंड असताना त्यांचा अंतर्गत रोध जास्त असतो. पहिल्या प्रयत्नात लाइन डगमगते, मिनिटभर वीज मिळाली की ते गरम होऊन सावरतात. ‘दुसऱ्या वेळी चालतो’ हे वाक्य ऐकलं की मी कार्डाच्या आधी एसएमपीएसचं वय विचारतो.

स्पिन-अप टप्प्याटप्प्याने करता येतं. कार्डाच्या युटिलिटीत अ‍ॅडव्हान्स्ड प्रॉपर्टीजमध्ये थेट जोडलेल्या डिस्कसाठी दोन आकडे असतात: एका वेळी किती डिस्क फिरवायच्या आणि दोन गटांमध्ये किती सेकंद थांबायचं. एका वेळी दोन आणि मध्ये चार-पाच सेकंद ठेवून बघा. पण इथं एक मेख आहे. साटा पॉवरच्या १५ पिनांपैकी ११ क्रमांकाची पिन ग्राउंडला जोडलेली असेल तर डिस्क वीज मिळताच फिरायला लागते, कार्डाला विचारतच नाही. एसएमपीएसच्या साध्या साटा केबल आणि बाजारातले स्प्लिटर बहुतेक अशाच जोडणीचे असतात. सर्व्हरच्या बॅकप्लेनमध्ये ती पिन मोकळी सोडण्याची सोय असते आणि डिस्क डेटा लिंक जुळेपर्यंत थांबते. म्हणजे टॉवरमध्ये थेट केबल असतील तर युटिलिटीतले आकडे बदलूनही आठही मोटरी एकदमच घुमतील. ऐकून खात्री करा: बटण दाबल्यावर सगळा आवाज एका दमात चढतो की टप्प्याटप्प्याने, हे कानाला स्पष्ट कळतं. एका मोलेक्समधून चार साटा काढणारे साच्यातले स्प्लिटर असतील तर ते काढूनच टाका. त्यांच्या आतल्या तारा एकमेकींच्या फार जवळ असतात आणि तापून वितळल्याची उदाहरणं भरपूर आहेत.

वीज निर्दोष ठरली की स्लॉट. कार्ड काढायच्या आधी एक गोष्ट बघून घ्या, कारण काढल्यावर पुरावा जातो. मागच्या पट्टीचा स्क्रू आवळलेला असताना कार्डाचं दुसरं टोक, म्हणजे पट्टीपासून लांबचं, स्लॉटमधून किंचित उचललेलं आहे का? स्वस्त कॅबिनेटमध्ये पट्टी आणि बोर्ड यांच्यात मिलिमीटरभर फरक असतो. स्क्रू आवळला की कार्ड तिरकं होतं. त्यात एसएफएफ-८०८७ च्या (प्रत्येकी चार डिस्क जोडणाऱ्या) दोन जाड केबल कार्डाला बाजूने ओढत असतात. अशा वेळी पट्टी थोडी वाकवून घ्यायची आणि केबलना कॅबिनेटला बांधून ताण काढायचा. टाय सैल ठेवा. करकचून आवळलेली केबल हाच पुढचा बिघाड होतो.

कार्डाचे सोनेरी संपर्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, ९९ टक्क्यांचं घ्या, कापड बिनधाग्याचं. आपल्याकडे खोडरबर घासायची पद्धत सर्रास आहे. मऊ पांढरा खोडरबर एखाद्या वेळी चालून जातो, पण सोन्याचा थर फार पातळ असतो आणि दर महिन्याला घासलं तर खालचं निकेल उघडं पडतं. कोकणपट्टीत किंवा मुंबईत खाडीलगत, जिथं शनिवार-रविवार एसी बंद आणि हवा दमट खारी असते, तिथं हे संपर्क पुण्या-नाशिकपेक्षा लवकर काळवंडतात. स्लॉटमध्ये ब्लोअरने हवा मारा, बारीक टॉर्चने पिना बघा.

परत बसवल्यावर ‘एलएसपीसीआय’ला ‘व्हीव्ही’ लावून त्या कार्डाच्या दोन ओळी शेजारी ठेवा: लिंक कॅपॅबिलिटी आणि लिंक स्टेटस. या चिपची क्षमता ५ जीटी (गिगाट्रान्सफर) प्रति सेकंद आणि आठ लेन (डेटाचे समांतर मार्ग) आहे. स्टेटसमध्ये एक्स४ किंवा एक्स१ दिसलं आणि तो स्लॉट मुळात आठ लेनचा असेल, तर काही लेनचे संपर्क लागत नाहीत. स्लॉट लांबीला एक्स१६ असूनही आत चारच लेन जोडलेले बोर्ड पुष्कळ असतात, तेव्हा आधी बोर्डचं मॅन्युअल बघा. वेग २.५ जीटीवर आला असेल तर तीच शंका. ‘डीमेसेज’मध्ये ‘एईआर, करेक्टेड एरर’च्या (आपोआप सुधारलेल्या चुकांच्या) ओळी साचत असतील तर लिंक तग धरून आहे पण काठावर, थंड सकाळी तीच लिंक जुळत नाही. कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये हलवा. तक्रार स्लॉटबरोबर राहिली तर बोर्ड, कार्डाबरोबर गेली तर कार्ड.

ओईएम कार्डांची एक वेगळी तऱ्हा सांगून ठेवतो. डेल किंवा आयबीएमच्या सर्व्हरसाठी बनलेली काही कार्डं साध्या बोर्डवर एसएमबसवरून (बोर्डवरच्या नियंत्रणाच्या तारांवरून) गोंधळ घालतात आणि मशीन पोस्टच करत नाही किंवा रॅम कमी दाखवतं. त्यावरचा जुना आणि खात्रीचा उपाय म्हणजे कार्डाच्या बी५ आणि बी६ या दोन संपर्कांवर कॅप्टॉन टेपची (उष्णता सोसणाऱ्या, वीज न वाहणाऱ्या टेपची) बारीक पट्टी लावणं. बी बाजू म्हणजे चिप असलेली. मोजून लावा, शेजारचा संपर्क झाकला गेला तर नवीन दुखणं.

डिस्क अर्धवट दिसण्याचा प्रकार असेल तर केबलचे आकडे बोलतात. स्मार्टमधला १९९ क्रमांकाचा गुण, यूडीएमए सीआरसी एरर काउंट, डिस्कच्या तबकडीबद्दल काही सांगत नाही. तो तारेत बिघडलेल्या पॅकेटांचा हिशोब आहे. हा आकडा कधीच शून्यावर येत नाही, त्यामुळे आजचा आकडा लिहून ठेवायचा, प्रत्येक डिस्कवरून शंभरेक जीबी नुसतं वाचायचं आणि फरक बघायचा. कार्डाच्या बाजूचे आकडे ‘सिस’खालच्या ‘क्लास’मधल्या ‘सॅस फाय’ (फाय म्हणजे कार्डाचा एका डिस्कसाठीचा जोड) फोल्डरात असतात: इनव्हॅलिड डीवर्ड, रनिंग डिस्पॅरिटी, लॉस ऑफ सिंक. आठ फायपैकी एकाच गटाच्या चौघांचे आकडे वाढत असतील तर ती एक एसएफएफ-८०८७ केबल किंवा कार्डावरचं तिचं सॉकेट. दोन्ही केबल अदलाबदल करा. त्रास केबलबरोबर सरकला तर केबल फेका, सॉकेटपाशीच राहिला तर कार्ड. एकाच फायचे आकडे वाढत असतील तर त्या टोकाचा साटा कनेक्टर. आणखी एक चाचणी म्हणजे त्या फायचा कमाल वेग ६ वरून ३ गिगाबिटवर आणणं. ३ वर त्रास थांबला तर सिग्नल काठावर आहे. हा उपाय नाही, पण दिशा निश्चित करतो, आणि फिरत्या डिस्कला ३ गिगाबिट पुरतातही.

कार्डच दोषी ठरलं तर त्याचा बिघाड बहुधा तीनपैकी एक असतो.

पहिला, उष्णता. हे कार्ड सर्व्हरच्या वाऱ्यासाठी बनलेलं आहे. एलएसआयच्या ९२११-८आय या भावंडाला मिनिटाला २०० फूट वेगाचा वारा लागतो, म्हणजे सेकंदाला साधारण एक मीटर. टॉवरमध्ये कार्डापाशी वारा जवळजवळ नसतो. ही तक्रार मात्र तुमच्या उलट असते: थंड असताना चालतं, दोन-तीन तासांनी रीबूट केलं की कार्ड गायब. हीटसिंकखालची पेस्ट दहा वर्षांत सुकून पापुद्रे झालेली असते. खालच्या दोन पुश-पिना दाबून हीटसिंक काढा, नवी पेस्ट लावा, वर ४० मिलिमीटरचा पंखा बसवा.

दुसरा, सोल्डर जोड. हा तुमच्या लक्षणांशी जुळतो. खात्रीसाठी थंड मशीन चालू करायच्या आधी हेअर ड्रायर मंद ठेवून वीतभर अंतरावरून दोन मिनिटं हीटसिंक कोमट करा. कोमट केल्यावर दरवेळी उठतं आणि न केल्यास फसतं, असं पुन्हापुन्हा घडलं तर जोड किंवा कार्डावरचे कपॅसिटर. कार्ड ओव्हनमध्ये भाजून जिवंत करण्याचे व्हिडिओ फिरत असतात. चाललंच तर काही आठवडे चालतं आणि तेवढ्या काळात तुमचा डेटा त्या कार्डावर विसंबून राहतो. फेकून द्या.

तिसरा, फर्मवेअर. याची ओळख वेगळी: रीस्टार्टला फसतं, पण पॉवर पूर्ण तोडून चालू केलं की बिनतक्रार चालतं. चिप स्वतःच्या फॉल्टमध्ये अडकलेली असते आणि बसच्या रीसेटने ती बाहेर येत नाही. या पिढीत फेज २० च्या सुरुवातीच्या आवृत्त्या, विशेषतः २०.००.००.००, बदनाम आहेत, २०.००.०७.०० वर या. फ्लॅश करण्याआधी कार्डावरच्या स्टिकरचा सॅस अ‍ॅड्रेस उतरवून घ्या. फ्लॅश पुसल्यावर तो जातो आणि हाताने परत द्यावा लागतो. पुसणं आणि नवं लिहिणं यांच्यामध्ये मशीन रीस्टार्ट करायचं नाही. हे काम यूपीएसवर करा, आणि यूपीएसची बॅटरी जिवंत आहे का ते आधी तपासून.

कॅशवाली (लिहायचा डेटा आधी स्वतःच्या मेमरीत ठेवणारी) रेड कार्डं वापरणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. तिथं अधूनमधून बूट अडण्याचं पहिलं कारण कॅश मॉड्यूल किंवा त्याची बॅटरी असते. एचपीच्या पी४१०आयवर पोस्टमध्ये १७१९ क्रमांकाचा निरोप येतो की मागच्या वेळी कंट्रोलर लॉक झाला होता. मेगारेड आणि डेलच्या पर्क या रेड कार्डांवर मल्टिबिट ईसीसी (मेमरीतली चूक) किंवा कॅशमधला डेटा गेल्याचे निरोप येतात. सर्व्हर नीट बंद केलेला असताना मॉड्यूल काढून, संपर्क पुसून परत बसवा. वीज अचानक गेलेली असेल तर आधी काढू नका, आत न लिहिलेला डेटा असू शकतो. मॉड्यूलशिवाय चालवून बघण्याचा मोह होतो, पण पी४१०आय कॅशशिवाय रेड ५ चालवत नाही, तेव्हा अ‍ॅरे दिसला नाही म्हणून घाबरून नवा बनवू नका. बॅटरी फुगलेली असेल तर त्याच दिवशी काढा.

मेगारेडवर डिस्क गायब होऊन परत आल्या की ‘फॉरेन कॉन्फिगरेशन’ (बाहेरून आलेली रचना) म्हणून विचारणा येते. तिथं क्लिअर करणं म्हणजे अ‍ॅरेची ओळख पुसणं. स्टोअरसीएलआय या मेगारेडच्या कमांड-साधनाने आधी प्रिव्ह्यू घ्या, सगळ्या डिस्क एकाच वेळी गेल्या होत्या याची लॉगवरून खात्री करा, मग इम्पोर्ट. एखादी डिस्क महिन्यापूर्वीच बाहेर पडलेली असेल तर तिच्यावरचा डेटा शिळा आहे. तिला वेगळं काढून बाकीच्या इम्पोर्ट करा.

ज्यांच्या डिस्क थेट मदरबोर्डच्या साटावर आहेत त्यांनीही चिपला निर्दोष धरू नये. इंटेलने ३१ जानेवारी २०११ ला जाहीर केलं की ६ सिरीज चिपसेटचे ३ गिगाबिटचे चार साटा पोर्ट, क्रमांक २ ते ५, काळानुसार खराब होऊ शकतात. दोष चिपच्या आतल्या एका ट्रान्झिस्टरचा होता आणि सर्व्हरचे सी२०० चिपसेटही त्यात होते. ६ गिगाबिटचे ० आणि १ हे पोर्ट सुटले. सुधारित चिप बी३ स्टेपिंगची (आवृत्तीची). त्या काळातलं बी२ चं मशीन जुन्या बाजारातून आलं असेल तर डिस्क पहिल्या दोन पोर्टवर लावा.

आता ‘दुरुस्त झालं’ हे कधी म्हणायचं? समजा दहात एकदा बूट फसत होतं. काहीही न बदलता सलग पाच बूट यशस्वी होण्याची शक्यता ५९ टक्के आहे. म्हणजे केबल बदलली आणि पाच वेळा चाललं, यातून काहीच सिद्ध होत नाही. सलग २९ बूट स्वच्छ गेले तर ती शक्यता पाच टक्क्यांच्या खाली येते. पाचात एकदा फसत असेल तर १४ पुरतात. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि प्रत्येक बदलानंतर एवढे बूट मोजा. थंड सुरुवातीचा दोष असेल तर दोन बूटमध्ये निदान अर्धा तास वीज तोडून ठेवा, नाहीतर तुम्ही उबदार मशीनच तपासत बसाल. कार्ड दिसतं की नाही एवढंच तपासायचं असेल तेव्हा डिस्कची वीज काढलेली ठेवा, उगाच तीस वेळा मोटरी फिरवू नका. आयपीएमआय असेल आणि दोष रीस्टार्टचा असेल तर ‘आयपीएमआयटूल’ने पॉवर सायकलची स्क्रिप्ट रात्रभर चालू द्या आणि सकाळी लॉग मोजा.

कार्ड बदलायचीच वेळ आली तर मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन जुनी सॅस२००८ (एम१०१५ वरचीच चिप) कार्डं मिळतात, पण बनावटही मिळतात. घेतल्यावर आधी वरची पद्धत लावून रिकामं कार्ड तपासा. आयटी फर्मवेअरमध्ये एमडीचं रेड डिस्कवरच्या नोंदींवर चालतं, त्यामुळे त्याच जातीचं दुसरं कार्ड लावलं की अ‍ॅरे जसाच्या तसा जुळतो.

कारण काहीही निघो, एक बदल मी तरीही करीन. बूट या कार्डावर ठेवणार नाही. दोन लहान साटा एसएसडी मदरबोर्डच्या पोर्टवर लावून लिनक्सचा मिरर तिकडे न्यायचा, कार्डाच्या युटिलिटीत बूट सपोर्ट ‘ओएस ओन्ली’ करायचा. पोस्ट लवकर उरकतं, आणि डिस्क उशिरा आल्या तरी मशीन उठून एसएसएचला (दुरून लॉगिनला) उत्तर देतं. रेड ६ च्या माउंटला एफएसटॅबमध्ये (माउंटच्या यादीत) ‘नोफेल’ (डिस्क नसली तरी बूट थांबू नये म्हणून) लावा आणि डिव्हाइसची मुदत ९० सेकंद ठेवा. फक्त त्या फोल्डरवर अवलंबून असलेल्या सेवांना, विशेषतः डेटाबेस आणि बॅकअपला, माउंट झाल्याशिवाय सुरू न होण्याची अट घाला. ती विसरलात तर बॅकअप रिकाम्या माउंट पॉइंटवर, म्हणजे त्या लहान एसएसडीवर, लिहीत बसेल आणि दोन दिवसांत रूट भरेल.